आरशावरचे अकरा डाग

सौंसर, २४ नोव्हेंबर

प्रिय प्रणाली,

परवा तुमच्या घरी जे झालं ते क्रमाने लिहिते. नंतर कोणी वेगळं सांगितलं तर हे पत्र तुझ्याजवळ असू दे.

१. मी २२ तारखेला सकाळी सव्वाअकराला पांढुर्ण्याला पोहोचले.
२. तू आतल्या खोलीत होतीस. दाराला आतून कडी होती.
३. स्मिताकाकूंनी तीनदा हाक मारली. चौथ्यांदा म्हणाल्या, "तृप्तीताई सौंसरहून आली तुले पाहाले, तोंड तरी दाखव."
४. तू दार उघडलंस. ओढणी डोळ्यांपर्यंत होती. काकूंनी ती खाली ओढली आणि मला म्हणाल्या, "पाय बापा, आज किती झाले हे."
५. मी तुझा चेहरा अंदाजे चार सेकंद पाहिला.
६. मी काहीही बोलले नाही.
७. तू आत गेलीस. कपाटाच्या आरशावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. आरसा फुटला नाही.
८. मी तीनच्या बसने परत आले.

यातलं सहावं कलम माझं आहे. त्याबद्दल मी माफी मागते. मी गप्प राहिले ते तुझ्या चेहऱ्यामुळे, असं तुला वाटलं असेल. तसं नव्हतं. कारण वेगळं होतं, ते मला अजून नीट मांडता येत नाही.

फोन तू काकूंच्या हवाली केलास, म्हणून हे पत्र. पाकीट चिकटवलेलं आहे. आधीच उघडलेलं मिळालं तर कळव.

तृप्ती


पांढुर्णा, ३० नोव्हेंबर

तृप्तीताई,

पाकीट बंदच होतं. पण आईनं उजेडात धरून पाह्यलं. मी दाराच्या फटीतून पाहून राहिली होती.

तू तर पत्र नाही, फॅक्टरीचा रिपोर्ट पाठवला. "अंदाजे चार सेकंद." घड्याळ लावून बसली होती का? बोरगावात वजनकाटे तपासता तपासता तुले माणसंबी काट्यावरच दिसतात वाटते.

फोन मी काहून दिला ते ऐक. स्क्रीन बंद केली की त्यात तोंड दिसते. अन् चालू केली तर वर्गातल्या पोरांचा ग्रुप. मले ते "संत्रा" म्हणतात. साल तशी दिसते म्हणून. आपल्या गावात संत्र्याचे ट्रकच्या ट्रक भरतात अन् मले ते पाहून घरी पळत यावं लागते. हास तू, हासण्यासारखंच आहे.

आता खरं सांगते, कोणाले सांगू नको. आईनं मेडिकलमधून एक ट्यूब आणली. लावली की तीन दिवसात तोंड एकदम साफ. मग बंद केली की दुप्पट. तर जेव्हा साफ होते ना, तेव्हा मी गालावरून हात फिरवते, हाताले काही लागत नाही. अन् कपाटाच्या आरशात पाहते तर फोड आहेतच. तिथंच. कपाळावर, गालावर, हनुवटीजवळ. माझ्या तोंडावर नाहीत अन् आरशात आहेत, ताई.

मी आजीले सांगतलं. आजी तशीच उठली. देवघरात गेली अन् पूनम आत्याचा टाक पुसला. तो चांदीचा, आत्या गेल्यावर तिच्या नावानं बनवलेला. त्यावरची बाई पूजा करू करू इतकी घासली की तिले नाक-डोळे काहीच राह्यले नाहीत. आजी म्हणे, "ते कपाट पूनमचंच होतं. तिलेबी असंच झालं होतं तुह्याएवढी असताना. आली वाटते."

तेव्हापासून मी त्या खोलीत उलटी फिरून कपडे बदलते.

दहावीचा पेपर ११ फेब्रुवारीले आहे. गेटवर हॉल तिकिटाचा फोटो अन् तोंड जुळवून पाहतात. माझा फोटो आठवीतला आहे. मी जाणार नाही. आईले अजून सांगतलं नाही.

प्रणाली


सौंसर, ६ डिसेंबर

प्रिय प्रणाली,

हसले नाही.

दोन कामं आहेत. दोन्ही दिवसा कर, खिडकी उघडी ठेवून.

पहिलं: ट्यूबवर बारीक अक्षरात जे छापलं आहे ते जसंच्या तसं उतरवून पाठव. ती आणखी लावू नकोस, आणि अर्धवट सोडल्यावर तोंड पेटल्यासारखं झालं तर घाबरून पुन्हा सुरू करू नकोस. नागपूरला त्वचेच्या डॉक्टरांकडे १७ जानेवारीची वेळ मी घेतली आहे. ट्यूब तिथे सोबत न्यायची आहे.

दुसरं: शिवणाची टेप घे. आरशासमोर अनवाणी उभी राहा. तुझ्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मोज. मग आरशातले डाग सर्वांत खाली कुठे सुरू होतात आणि वर कुठे संपतात, ती उंची काचेवर मोज. मग मान न वाकवता पूर्ण शरीराने चार बोटं डावीकडे सरक. डाग तुझ्याबरोबर सरकतात की तिथेच राहतात, ते पाहा.

मी एखादं यंत्र तपासते तेव्हा आधी ते काय दाखवतं याकडे लक्ष देत नाही. आधी त्याची काच पुसते. तू आरशाने सांगितलेलं सगळं मान्य केलंस आणि आरसा मात्र तपासला नाहीस.

पूनम आत्याबद्दल मला फारसं आठवत नाही. मी नऊ वर्षांची होते.

आकडे पाठव.

तृप्ती


पांढुर्णा, १३ डिसेंबर

तृप्तीताई,

आकडे: डोळे १४५ सेंटीमीटर. डाग खाली १४१, वर १४९. मोजताना टेप दोनदा पडली.

सरकली. डाग सरकले नाहीत.

मी तशीच उभी राह्यली. माझं तोंड डावीकडे आलं अन् ते फोड तिथंच, हवेत लटकल्यासारखे, कोणाच्या तोंडावर नसल्यासारखे. तुले वाटत असेल मले बरं वाटलं. मले एवढी भीती कधीच वाटली नव्हती. मग जवळ गेली, नखानं एक खरवडला. चिकट, काळा, अन् कडेले बारीक लाल रंग. टिकलीचा गोंद आहे, ताई. जुन्या टिकल्यांचा. अकरा आहेत. आई इतके वर्षं फडकं मारते त्यावरून, गोंद निघाला नाही, त्यात धूळ बसत गेली.

एकच खरवडला. बाकीचे राहू दिले. काहून ते सांगू का? ते निघाले की आत्या जाईल. मग आरशात फक्त मी राहीन.

ट्यूबवरचं नाव वेगळ्या कागदावर लिहून याच पाकिटात ठेवलं आहे, स्पेलिंग पाहून पाहून. मेडिकलवाला आईले म्हणे, सगळे नेतात.

अन् तू खोटं बोलली. आजीले मी विचारलं, आरशाले टिकल्या कोण लावल्या? आजी म्हणे, "तृप्तीले विचार. तेच तिच्या मागं मागं फिरे, बोटावर मोजत." तुले फारसं आठवत नाही, हाव ना?

शनिवारी मले जामसांवलीच्या मारुतीले नेऊन राहिले. पूनम आत्या उतरवाले.

प्रणाली


पांढुर्णा, २२ डिसेंबर

चि. तृप्ती हिस अनेक आशीर्वाद.

मी कधी कोणाले पत्र लिहिलं नाही, चुकलं तर समजून घे. फोनवर बोलले असते तर प्रणाली ऐकते.

शनिवारी जामसांवलीले गेलो. तुझे काका, मी, सासूबाई अन् प्रणाली. प्रणालीनं तोंडाले स्कार्फ बांधला, चष्मा घातला, दुसऱ्याच्या नजरेत काहीच पडू दिलं नाही. रांगेत दोन तास. सासूबाई सगळ्या वाटेनं पूनमच्या नावानं रडत होत्या. दर्शन झाल्यावर प्रणाली मले म्हणे, "आई, हा मारुती निजून आहे. याले कोणाचं तोंड पाहाचं नाही. मले इथं बरं वाटलं." मले हसावं का रडावं समजलं नाही. सासूबाईनं तिथल्या एका म्हाताऱ्या बाईले विचारलं, हिच्यात कोण आहे. त्या बाईनं प्रणालीचा हात धरला अन् म्हणे, "हिच्यात हेच आहे. भुकेली आहे, जेवू घाला."

घरी आलो तर दुसऱ्या दिवशी देवघरातून पूनमचा टाक गायब. प्रणालीनं लपवला हे मले माहीत आहे. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. काका म्हणतात, मार खाईल. मी म्हटलं, हात लावून पाहा.

अन् आता तिनं सांगतलं, पेपरले जात नाही. तृप्ती, तू शिकलेली आहेस. तूच काही सांग. मी तिले कोणत्या तोंडानं बाहेर बोलवू? सकाळी ती दिसली की माझी नजर आधी तिच्या गालावर जाते, डोळ्यावर नाही. मी आवरते, तरी जाते. अन् ते तिले समजते. ट्यूब मीच आणली होती. वाईट व्हावं म्हणून नाही आणली ग.

पूनमचं तिच्यासमोर काढू नको. ते जुनं आहे, मेलेल्याले मेलेलं राहू दे.

तुझी काकू


सौंसर, २८ डिसेंबर

प्रिय प्रणाली,

काकूंनी लिहिलं आहे की पूनम आत्याचा विषय तुझ्यासमोर काढू नये. मी काढते आहे. हे त्यांनाही आजच कळवलं आहे.

टिकल्या मी लावल्या.

आत्या एकोणीस वर्षांची होती. आम्हीही तेव्हा तुमच्याच घरी राहायचो. शिलाई मशीनच्या स्टुलावर मला उभं करायची आणि स्वतः आरशासमोर सरळ उभी राहायची. म्हणायची, "मी हालत नाही. तुले जिथं जिथं फोड दिसते तिथं काचेवर टिकली लाव." मी लावायचे. सगळ्या लावून झाल्या की ती आरशात पाहायची आणि म्हणायची, "पाय तृप्ती, एकबी नाही राह्यला." मग आम्ही हसायचो. टिकलीची पाकिटं ती मला बाजारातून आणायला लावायची.

काचेवर चेहरा अर्ध्या मापाचा पडतो. म्हणून ते डाग एवढ्याशा जागेत आहेत आणि एका ठराविक उंचीच्या माणसालाच जुळतात. मागच्या वर्षी तू त्या उंचीची नव्हतीस. यंदा झालीस. आरशात दूरच्या चेहऱ्यावर नजर लावली की काचेवरची जवळची वस्तू पुसट होते आणि चेहऱ्यावरच असल्यासारखी वाटते. आरशात जे दिसतं त्याचा एवढाच हिशेब आहे. याच्या पुढचं मला मोजता येत नाही.

पुढचं असं. मी मोजण्यात हुशार होते आणि घरात सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. सकाळी चहाच्या वेळी कोणीतरी विचारायचं, "तृप्ती, आज किती?" मी आत्याकडे पाहून आकडा सांगायचे. चौदा. सोळा. सगळे हसायचे. आजीसुद्धा. आकडा बरोबर यावा म्हणून मी तिच्या अगदी जवळ जायचे. ती हनुवटी वर करून मला मोजू द्यायची.

नरखेडचे पाहुणे तिला पाहायला आले त्या दिवशी तिने पावडर लावली होती. मुलाच्या आईने मला जवळ घेतलं आणि विचारलं, "कशी आहे ग तुझी आत्या?" मी म्हणाले, "आत्याला सतरा फोड आहेत. पावडरीखाली. मी मोजले."

पाहुणे पोहे खाऊन गेले. निरोप आला नाही. त्यानंतर घरात तिला "सतरा" म्हणायला लागले. चेष्टेनेच. "सतरा, पाणी आण." "सतरा, दार लाव." चार महिन्यांनी ती घरातून गेली. तिगावच्या स्टेशनवर कोणीतरी तिला पाहिलं होतं, तोंडाला स्कार्फ बांधलेली. तिगावच्या पुढे कोणी शोधलं नाही. दोन वर्षांनी आजी म्हणाली, जिवंत असती तर भाऊबिजेला तरी आली असती. मग टाक केला.

२२ नोव्हेंबरला काकू म्हणाल्या, "आज किती झाले हे." त्या चार सेकंदांत मी मोजायला लागले होते. नवापर्यंत आले आणि मला कळलं मी काय करते आहे. म्हणून मी गप्प राहिले. सहाव्या कलमाचं कारण हे.

आता शेवटची गोष्ट. ती मी दहा वर्षं कोणाला सांगितलेली नाही. मी पॉलिटेक्निकला लागले त्या वर्षी मला कॉलेजच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. शिक्का आमला पोस्टाचा. मजकूर एवढाच:

"तृप्ती, पेपरात पॉलिटेक्निकच्या यादीत तुझं नाव पाहिलं. चांगलं झालं. मोजणं तुला पहिल्यापासून येत होतं. पूनम."

खाली पत्ता होता. शांताबाईंची खानावळ, रेल्वे वसाहतीच्या मागे.

शेवटचं वाक्य टोमणा आहे की शाबासकी, हे मला ठरवता आलं नाही. मी ते शेकडो वेळा वाचलं आहे. उत्तर दिलं नाही. घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती का गेली हेही सांगावं लागलं असतं. तुमच्या देवघरात जिवंत बाईचा टाक पुजला जातो हे माहीत असताना मी दर दिवाळीला त्याला हळदकुंकू वाहिलं.

१७ जानेवारीला मी सकाळी सातच्या बसने तुला न्यायला येईन. तू लिहून पाठवलेल्या नावावरून ट्यूब स्टेरॉइडची आहे, ती सोबत घ्यायला विसरू नकोस.

तृप्ती


पांढुर्णा, ५ जानेवारी

तृप्तीताई,

तू समोर असती तर मी तुले एक लावली असती. खरंच. आजी सोळा वर्षं त्या टाकासमोर रडून राहिली अन् तू सौंसरले कार्ड घेऊन बसली.

आजीले तुझं पत्र वाचून दाखवलं. पूर्ण. आईनं हात धरला तरी दाखवलं. "आज किती" आलं तेव्हा आजी म्हणे, "पुढं वाच." पोह्याचं आलं तेव्हाबी म्हणे, "पुढं वाच." कार्डाचं आलं तेव्हा उठून पाणी प्याली. मग म्हणे, "पोर नऊ वर्षाचं होतं. विचारत तर आम्ही होतो." एवढंच. टाक माझ्याजवळ आहे म्हणून सांगतलं. म्हणे, "ठेव. आता मी कोणाले पुजू?"

घरात आता भलतंच झालं आहे. ती मेलेली होती तेव्हा फक्त कपाटात होती. आता सगळीकडे आहे. फाटक वाजलं की आजी उठते. आई दोनदा चहा जास्तीचा मांडून बसली. बाबा परवा स्टेशनवर जाऊन आले, असेच, म्हणे गाड्या पाहाले.

आईनं काल माझ्या डोळ्याकडे पाहून विचारलं, जेवली का. मेहनत घेऊन पाहून राहिली होती बिचारी, मले हसू आलं.

१७ ले येईन. स्कार्फ बांधून. ट्यूब घेऊन. तू बसमध्ये माझ्या बाजूले बैस, समोर नको.

पण पेपरचं अजून नाही सांगत. मी रात्रंदिवस एकच विचार करून राहिली. सगळ्यांनी आत्याचं सगळं सांगतलं. ती किती गोरी होती, किती छान शिवे, किती फोड होते. एकानंबी हे नाही सांगतलं की पुढं काय झालं. फोड बरे झाले का, ताई?

कोणाले माहीतच नाही. तुम्ही सगळ्यांनी तिले एकोणीस वर्षांचीच ठेवली. आरशात अजूनबी ती एकोणीसचीच आहे, अन् फोडबी तेवढेच. मी तिथं उभी राहते तर मीबी तिथंच थांबते.

तुले मोजता येते ना, तर हे विचारून दे. झाले असतील तर सांग. नसतील झाले तरी सांग, मी ऐकीन. खोटं नको. मग मी गेटवर जायचं का नाही ते ठरवीन.

दहा डाग अजून आहेत काचेवर. काढले नाहीत.

प्रणाली


सौंसर, ९ जानेवारी

सौ. किंवा श्रीमती, काय लिहायचं मला माहीत नाही, म्हणून नुसतं
पूनम आत्या,
द्वारा शांताबाईंची खानावळ, रेल्वे वसाहतीच्या मागे, आमला

मी तृप्ती. तुझ्या कार्डाला दहा वर्षं उशिरा उत्तर देते आहे. तू आता तिथे नसशील तर हे पत्र शांताबाईंनी पुढे पाठवावं, अशी त्यांना विनंती. पत्ता माहीत नसेल तर परत पाठवावं. फाडू नये.

माझी माफी मी इथे मागत नाही. ती वेगळ्या पत्रात मागेन, तुला ते हवं असेल तर. या पत्राच्या उत्तराला माफीची अट नको.

प्रभाकरकाकांना एक मुलगी आहे, प्रणाली. तू गेल्यावर दोन वर्षांनी झाली. दहावीला आहे. तिला तोंडभर मुरुमं आहेत आणि ती अडीच महिने घराबाहेर पडलेली नाही, जामसांवली सोडून. तुझं लोखंडी कपाट तिच्या खोलीत आहे. आपण लावलेल्या टिकल्यांचे अकरा डाग काचेवर होते, आता दहा आहेत. तिची उंची तुझ्याएवढी झाली आहे. ती रोज त्या डागांमध्ये उभी राहते.

तिला औषध आहे, डॉक्टरची वेळ घेतली आहे, ती येणारही आहे. ते मी करू शकते. तिने एक गोष्ट विचारली आहे ती मी करू शकत नाही, कारण ती फक्त तुला माहीत आहे: तुझे फोड बरे झाले का?

झाले असतील तर कधी झाले, कशाने झाले, खुणा राहिल्या का, ते लिही. झाले नसतील तर तसं लिही. तिने सांगितलं आहे, खोटं नको. मीही तेच म्हणेन. फोटो मागत नाही. तू कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस, हे लिहू नकोस असं वाटलं तर लिहू नकोस. तुझं उत्तर प्रणालीशिवाय कोणी वाचणार नाही. मीही नाही. पाकिटावर तिचं नाव घाल.

घरी तुझा टाक होता. आता देवघरात नाही. आजी आहे. फाटक वाजलं की उठते.

तिचा पहिला पेपर ११ फेब्रुवारीला सकाळी आहे. तुझं उत्तर आलं किंवा आलं नाही, तरी मी त्या दिवशी तिच्या दाराशी असेन. पण उत्तर आलं नाही तर मला तिला सांगावं लागेल की मला माहीत नाही, आणि ते तिने आधीच खूप ऐकलं आहे.

सोबत तिकीट लावलेलं, पांढुर्ण्याचा पत्ता घातलेलं पाकीट ठेवते आहे.

एक ओळ पुरे. ती २८ जानेवारीपर्यंत पोहोचेल अशा बेताने टाक.

तृप्ती